सात वर्षांचा पीसी, दोन हप्त्यांत

पत्र: यंदा माझी भिशी लागली, ८० हजार रुपये. धाकटा भाऊ कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपासून गेमिंग पीसीसाठी मागे लागलाय आणि मी तेव्हाच शब्द देऊन बसले होते. मॉनिटर गेल्या दिवाळीत घेतलाय, २४ इंची, फुल एचडी, १०० हर्ट्झचा. आता समोर दोन कागद आहेत. एक दुकानाचं कोटेशन: 'आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट, विंडोज टाकून ४२ हजार.' दुसरी भावाची यादी, बरोबर ८० हजारांची: आय५-१४६००के प्रोसेसर, बी७६० बोर्ड, लिक्विड कूलर, आरटीएक्स ५०६० आठ जीबी, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, काचेचं कॅबिनेट आणि १,८०० रुपयांचा '६०० वॅट' एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). दुकानदार म्हणतो, निम्म्यात होतंय. भाऊ म्हणतो, फ्युचर प्रूफ आहे. बाबा म्हणतात, लॅपटॉप घ्या. आम्ही धायरीत वरच्या मजल्यावर राहतो, गुरुवारी लाईट जाते, घरी इन्व्हर्टर आहे. मला एवढंच हवंय की सहा-सात वर्षं हा विषय पुन्हा निघू नये. – एक बहीण, धायरी

उत्तर: ४२ हजारांच्या कागदाचा निकाल आधी लावू, त्याला वेळ कमी लागतो. 'आय सेव्हन' एवढंच लिहिलंय, पुढचा आकडा नाही. तो आकडाच सगळं सांगतो. आय७-३७७० हा २०१२ चा प्रोसेसर, तोही आय सेव्हनच. असले जुने प्रोसेसर नव्या कोऱ्या दिसणाऱ्या बोर्डावर बसवून 'गेमिंग पीसी' म्हणून आजही विकले जातात. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हे मशीन घरात येईल तेच सेवानिवृत्त होऊन. '८ जीबी ग्राफिक्स कार्ड'चंही तसंच. या भावात ते बहुधा आरएक्स ५८० असणार, २०१७ चं कार्ड, आणि त्यातही '२०४८एसपी' नावाचा प्रकार. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २,३०४ कोअर असतात. २,०४८ कोअर असलेलं म्हणजे धाकटं आरएक्स ५७०, फक्त पाटी थोरल्याची. दुकानात फोन करून प्रोसेसरचा आणि कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर विचारा. 'ताई, चांगलंच देणार' असं उत्तर आलं की फोन ठेवा.

बाबांना सांगा, लॅपटॉप वाईट नाही, पण त्याचं ग्राफिक्स बोर्डावरच डकवलेलं असतं, बदलता येत नाही. सात वर्षांची अट तुमचीच आहे, म्हणून लॅपटॉप बाद.

आता भावाची यादी. मुलाने अभ्यास केलाय, हे दिसतं. पण त्याने पैसे जिथे लवकर शिळे होतात तिथे ओतलेत आणि जे पार्ट दोन कार्डं पाहून उरतात तिथे हात आखडलाय. 'फ्युचर प्रूफ' या शब्दावर माझा विश्वास नाही. सात वर्षं एकही पार्ट न बदलता नवे गेम नीट चालतील असा पीसी ८० हजारांत मिळत नाही, दीड लाखातही नाही. सात वर्षांचा पीसी दोन हप्त्यांत घेतला जातो: आज सगळं मशीन, आणि तीन-चार वर्षांनी फक्त ग्राफिक्स कार्ड. आजची खरेदी अशी करायची की त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर आणि एक नवं कार्ड एवढंच पुरावं. पुढच्या भिशीतला काही भाग त्यासाठी मनात धरून ठेवा. 'विषय निघू नये' ही तुमची इच्छा एकदा तरी मोडणार आहे. ती स्वस्तात कशी मोडेल, एवढंच आपल्या हातात आहे.

तीन-चार वर्षं हा अंदाज मी हवेतून काढलेला नाही. मोठे गेम बनतात ते कन्सोल डोळ्यांसमोर ठेवून. प्लेस्टेशन ४ आला २०१३ मध्ये, प्लेस्टेशन ५ आला नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याच्यात आठ कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी सामायिक मेमरी आहे. जोवर गेमवाल्यांचा पाया हा आहे, तोवर मध्यम कार्डावर निभतं. पुढच्या पिढीचे कन्सोल येऊन जुन्यांसाठी गेम काढणं थांबलं की कार्ड एकदम म्हातारं वाटू लागतं. प्रोसेसर त्यामानाने दम धरतो.

म्हणून पहिला प्रश्न सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेचा. भावाने घेतलेला १४६००के हा चांगला प्रोसेसर आहे, पण तो बसतो एलजीए १७०० मध्ये आणि त्या सॉकेटवर पुढे काही येणार नाही. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढचे डेस्कटॉप प्रोसेसर नव्या सॉकेटवर आणले. दुसरं, 'के' म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येणारा, आणि बी७६० बोर्डावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. म्हणजे त्या एका अक्षराचे पैसे दिले आणि ते वापरायची सोय ठेवली नाही. तिसरं, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना व्होल्टेजच्या गडबडीने अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये तो मान्य करून बायोसचे (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट दिले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४६००के त्या यादीत होता. अपडेट टाकून तो चालेल, पण दीर्घायुष्य हवं म्हणून हाच निवडायचा, हे मला पटत नाही.

त्याजागी एएमडीचा एएम५ सॉकेट घ्या, आणि प्रोसेसर रायझन ५ ७६००. एएम५ २०२२ च्या सप्टेंबरात आला आणि एएमडीने किमान २०२७ पर्यंत त्याला आधार देण्याचं जाहीर केलंय. या कंपनीचा आधीचा इतिहासही बोलका आहे: २०१७ मध्ये एएम४ चा बी३५० बोर्ड घेतलेल्यांपैकी अनेकांना बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला. पाच वर्षांनी नवा प्रोसेसर, बोर्ड तोच. भावाला हे दाखवा, तो यादी स्वतःच बदलेल.

७६०० च का? त्याच्या जवळच ७५००एफ स्वस्त मिळतो आणि गेममध्ये जवळजवळ तेवढाच चालतो. पण 'एफ' म्हणजे प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही. ७६०० मध्ये लहानसं आहे. गेमिंगला निरुपयोगी, पण कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं आणि परत यायला महिना लागला, तर एफवाल्याकडे तेवढे दिवस काळा पडदा. तुमच्या भावाचं सबमिशन मात्र चालू राहील. शिवाय ७६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतो आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. लिक्विड कूलरचे पैसे तिथेच वाचले. लिक्विड कूलरमध्ये पंप असतो, आणि पंप कधी ना कधी थकतो. 'ट्रे' प्रोसेसर, म्हणजे बॉक्सविना सुटा, घेऊ नका. सीलबंद बॉक्सवर कंपनीची तीन वर्षं वॉरंटी मिळते. ट्रेची वॉरंटी दुकानदार देईल तेवढी. आणि ८४००एफ कोणी गळ्यात मारू लागला तर नको म्हणा. तोही एएम५ चाच, पण त्याची कॅश मेमरी (प्रोसेसरच्या पोटातली वेगवान मेमरी) ७५००एफच्या निम्मी आहे.

बोर्ड बी६५० किंवा बी८५० चा, एमएटीएक्स आकाराचा चालेल. तीन गोष्टी बघा: प्रोसेसरभोवतीच्या पॉवर सर्किटवर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), दोन एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या खाचा) आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण. या बटणामुळे पुढे नवा प्रोसेसर आणला तर जुना न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतो. बाकी चिलखतासारखी डिझाइन, दिवे, वायफायचे शिंगांसारखे अँटेना, सगळं हौसेचं.

रॅमचं दुखणं आहे. एएम५ ला डीडीआर५ च लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे २०२५ च्या शेवटापासून, रॅमचे भाव बेसुमार चढलेत. एसएसडीही त्याच वाटेवर गेली. भावाच्या यादीतले या दोन्हींचे भाव मला जुने वाटतात. ते आधी ताजे करून घ्या, मग पुढे वाचा.

पैसे कमी पडणारच आहेत, तेव्हा कापायचं कुठून ते सांगतो. सर्वांत आधी दिवे आणि काच. मग रॅमची दुसरी पट्टी: आज १६ जीबीची एकच घ्या, योग्य स्लॉटला लावा (बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा, मॅन्युअलमध्ये बघा) आणि भाव उतरल्यावर त्याच मॉडेलची दुसरी आणा. एका पट्टीने वेग थोडा घटतो, गेममध्ये काही फ्रेम कमी पडतात, पण ८-८ च्या दोन घेतल्या तर ३२ करायच्या दिवशी दोन्ही विकाव्या लागतात किंवा चार पट्ट्या कोंबाव्या लागतात, आणि चार पट्ट्यांवर डीडीआर५ चा वेग बराच खाली आणावा लागतो. त्यानंतर एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबी, कारण बोर्डावर दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे. पाचव्या पिढीच्या एसएसडीचा मोह नको, गेमला चौथ्या पिढीची साधी एनव्हीएमई भरपूर. एवढ्यानेही जमलं नाही तर कार्ड एक पायरी खाली. एसएमपीएसला मात्र कात्री लावायची नाही.

त्या १,८०० रुपयांच्या एसएमपीएसबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सात वर्षांचं गणित तिथेच जुळतं किंवा फसतं. बाहेर मोठ्या अक्षरांत ६०० वॅट लिहिलेलं असतं. बाजूच्या स्टिकरवर बारीक तक्ता असतो, तो वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर जगतात. '+१२व्ही' खालचा अँपिअरचा आकडा घ्या आणि १२ ने गुणा. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर ५४ अँपिअर लिहिलेले असतात: ५४ गुणिले १२, ६४८ वॅट. स्वस्त डब्यावर १८ किंवा २० अँपिअर सापडतील, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवून बेरीज फुगवलेली असते. आजच्या पीसीला ते फारसे लागतच नाहीत. हा आकडा भावालाच दुकानात वाचायला लावा, डिप्लोमाच्या मुलाला शोभतं.

आणि वॅट पुरले तरी पुरत नाही. हलक्या एसएमपीएसमध्ये ओव्हरव्होल्टेज, शॉर्टसर्किट यांपासून वाचवणारी सर्किटं नसतात किंवा नावापुरती असतात. स्वतः जळताना ते बोर्ड आणि कार्ड घेऊन जळतात. म्हणून नामांकित कंपनीचा ६५० वॅट, ८० प्लस ब्राँझ किंवा वरचा, आणि किमान पाच वर्षं वॉरंटी असलेला घ्या. '८० प्लस' ही विजेच्या बचतीची मोजणी आहे, मजबुतीची नाही, हे ध्यानात ठेवा. मजबुतीचा अंदाज वॉरंटीच्या वर्षांवरून बांधता येतो, कारण दहा वर्षांची हमी देणारा स्वतःच्या खिशाचा विचार करूनच देतो. आज ५५० वॅटही पुरेल. वरचे शंभर दुसऱ्या हप्त्यातल्या कार्डासाठी.

कार्डाबद्दल माझं मत ठाम आहे: आठ जीबीवर सात सोडा, चार वर्षंही सुखाची नाहीत. फुल एचडीवर व्हॅलोरंटसारख्या गेमला आठ जीबी आजही खूप झाले. पण नव्या मोठ्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) 'हाय'वर नेलं की कार्डाची मेमरी भरते, मग ओव्हरफ्लो झालेला डेटा पीसीच्या रॅममधून ये-जा करतो आणि गेम झटके खातो. टेक्श्चरला कार्डाची ताकद फारशी लागत नाही, मेमरी लागते. म्हणून ताकद थोडी कमी आणि मेमरी जास्त असलेलं कार्ड म्हातारपणी बरं दिसतं. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी बसवता आलं तर उत्तम. ते बजेटबाहेर गेलं तर इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी. त्याला बायोसमध्ये 'रीसायझेबल बार' नावाची सेटिंग चालू लागते आणि जुन्या प्रोसेसरवर ते रडतं, पण ७६०० बरोबर ती अडचण मोठी नाही. एक सापळा लक्षात ठेवा: ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ आणि १६ जीबीत विकली जातात. बॉक्सवर वाचा आणि बिलावर 'जीबी'सकट लिहून घ्या.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली एप्रिलात तुमची खोली किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. पंखा हवा गार करत नाही, खोलीतलीच हवा आत ढकलतो. खोली दहा अंशांनी तापली की आतलं सगळंही साधारण तेवढंच चढतं. पुढे काच लावून हवेचा रस्ता अडवला तर पंखे केकाटत राहतात. दोन पंखे पुढून आत, एक मागून बाहेर, पुढे काढून धुता येणारी धूळजाळी. धायरीत कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, तेव्हा महिन्यातून एकदा जाळी धुवायची. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या काढून ठेवू नका. हसू नका, पाली आत शिरतात, उबेला बसतात आणि बोर्डावर आडव्या होतात. ते वॉरंटीत बसत नाही.

विजेचं बघू. पीसी लावायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलएवढेच व्होल्ट यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर समजा अर्थिंग नाही. घरचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आहे का, तेही बघा. स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस गुरगुरतात किंवा बंद पडतात. प्युअर साइनचा असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, म्हणजे लाईट गेल्यावर तो लवकर उचलतो. नाहीतर वेगळा यूपीएस घ्या. बाजारातला ६०० व्हीएचा बहुधा ३६० वॅटचाच असतो. हा पीसी गेम खेळताना साधारण ३०० वॅट ओढेल, वर मॉनिटर. त्यामुळे हजार व्हीएच्या आसपासचा बघा, आणि तो फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता आहे हे भावाकडून वदवून घ्या. बिलाचा अंदाज: ३०० वॅट रोज चार तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. महावितरणचा १०० युनिटांपुढचा दर चढा आहे, तेव्हा तुम्ही आत्ता शंभराच्या आसपास असाल तर हे युनिट महागातले पडतील.

खरेदीला दोघं मिळून जा. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरा, तपकीर गल्ली तिथून चालत. गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यात निम्मा उत्साह जाईल. एकाच यादीची तीन कोटेशन घ्या, प्रत्येक पार्टचा भाव वेगळा लिहून, १८ टक्के जीएसटी धरून. ऑनलाइन भावही हातात असू द्या, पण फरक थोडाच असेल तर समोरच्या दुकानाला पसंती द्या, आणि विचारा की वॉरंटीचा माल पुण्यात नेमका कुठे जमा करायचा. पक्क्या बिलावर सगळे सीरियल नंबर हवेत. विंडोजच्या परवान्याचा खर्च तुमच्या एकाही कागदावर वेगळा दिसत नाही. 'टाकून देतो' म्हणजे परवाना नव्हे. कार्डाचा बॉक्स माळ्यावर जपून ठेवा. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी जुनं कार्ड बॉक्स आणि बिलासकट विकलं तर गिऱ्हाईक लवकर मिळतं आणि घासाघीसही कमी करतं.

घरी आणल्यावर पहिला आठवडा पीसीला दामटा. या दिवसांत काही निघालं तर दुकानातून थेट बदलून मिळण्याची शक्यता असते, नंतर सर्व्हिस सेंटरची वाट. एक रात्र मेमटेस्ट चालवून रॅम तपासा. बायोसमध्ये एक्स्पो चालू करा, नाहीतर रॅम विकत घेतलेल्या वेगापेक्षा हळू चालते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १०० हर्ट्झवर आहे ना बघा, तो बऱ्याचदा ६० वरच राहतो. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. ७६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे चित्र बोर्डातूनही येतं, गेमही सुरू होतो, फक्त रांगतो, आणि मग पोरं कार्ड खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात.